गायरान गावाचं, ऊन गावाचं, मग प्लेटा कुणाच्या?



आज सोयाबीनवर लिहायचं ठरलं होतं, पण ते दोन दिवसांनी. २ ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आलीय आणि पंचायतीच्या फळ्यावर विषयपत्रिका लागलीय. विषय क्रमांक सहा, स्मशानभूमीच्या शेडची दुरुस्ती. विषय क्रमांक सात, सौर प्रकल्पासाठी गायरान जमीन उपलब्ध करून देणेबाबत ठराव. विषय क्रमांक आठ, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. म्हणजे पंचवीस एकर जमीन आणि पंचवीस वर्षांचा काळ, स्मशानभूमी आणि आयत्या वेळच्या मधी एका ओळीत बसवलाय. आमच्याकडं ग्रामसभा किती वेळ चालते ते सगळ्यांना माहीत आहे. चहा येईपर्यंत चालते.

हे फक्त आमच्या गावाचं नाही. तुमच्याही गावात असा ठराव झाला असेल नाहीतर होणार असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट साफ सांगतो, नाहीतर कमेंटमधी लगेच "तुम्ही विकासाच्या आड येताय" सुरू होईल. सौर वीज मला पाहिजे. दिवसा लाईट पाहिजे. रात्री दोन वाजता थंडीत बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं, पायाखाली काय आहे ते न दिसता दारं धरणं, हे ज्यानं केलंय त्याला दिवसाच्या लाईटची किंमत समजावून सांगावी लागत नाही. विजेच्या धक्क्यानं, सापानं, बिबट्यानं किती माणसं गेली ते प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचं २.० झालं, आणि २०२४ ला वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २.० मधला पहिला ३ मेगावॉटचा प्रकल्प चालू झाला. उपकेंद्राजवळ प्रकल्प टाकायचा, तिथली वीज थेट शेतीच्या फिडरला द्यायची, दूरवरून आणताना होणारी गळती वाचवायची, आणि शेतकऱ्याला दिवसा लाईट द्यायची. कल्पना चांगली आहे. राज्यभर १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवलंय. माझं भांडण कल्पनेशी नाही. ह्या सगळ्यात ग्रामपंचायत कुठं आहे, हे माझं भांडण आहे.

ती आहे फक्त ठरावाच्या कागदावर. गोल शिक्का आणि सरपंचाची सही, एवढीच तिची जागा.

आता हिशोब बघू. पाटी-पेन्सिल घेऊन बसा, दहावीच्या गणितात होतं.

१ मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. पंचवीस एकरात ५ मेगावॉट आरामात बसतं. आपल्याकडच्या उन्हात १ मेगावॉट वर्षाला १५ लाखाच्या आसपास युनिट देतं. ह्या योजनेत कंपन्यांना मिळणारा दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे ५ मेगावॉटचे ७५ लाख युनिट, वर्षाला सव्वादोन कोटी रुपये. पंचवीस वर्षांचे छप्पन्न कोटी. प्लेटा जुन्या होतात, उत्पन्न थोडं थोडं घटतं, तरी पन्नास कोटी धरा.

ह्यात गावाला काय? योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असं ३ वर्षं. एकूण १५ लाख. त्यानंतर बावीस वर्षं काही नाही. छप्पन्न कोटीत पंधरा लाख म्हणजे शंभर रुपयाला सत्तावीस पैसे. आमच्या आठवडी बाजारात भेंडीच्या पाटीवर ह्यापेक्षा जास्त आडत कापतात.

कुणी म्हणेल, कंपनी भांडवल घालते, कर्ज काढते, जोखीम घेते, तिच्या धंद्याशी पंचायतीची तुलना कशाला. बरं. मग जमीनवाल्याशी तुलना करू. हीच पंचवीस एकर जमीन कुणा शेतकऱ्याची खाजगी असती, तर त्याच योजनेत त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं मिळालं असतं, आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. पंचवीस एकर म्हणजे दहा हेक्टर. वर्षाला साडेबारा लाख. वाढ बाजूला ठेवा, नुसतं साडेबारा गुणिले पंचवीस केलं तरी तीन कोटी बारा लाख होतात.

एक शेतकरी जमीन देतो तर तीन कोटी. अख्खं गाव जमीन देतं तर पंधरा लाख. सरकारी जमीन म्हणून नाममात्र भाड्यानं द्यायची, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायची. ज्यांची शेळी त्या जमिनीवर चरते त्यांनी फक्त हात वर करायचा. हा हिशोब मी आमच्या पारावर मांडला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "भाऊ, गायरान सरकारचं असतं, आपलं नसतं." सातबाऱ्यावर सरकार लिहिलेलं असतं हे खरं. पण मग ग्रामसभेचा ठराव कशाला मागता? आपलं नसेल तर आपल्याला विचारू नका. विचारताय म्हणजे आपला हक्क कुठंतरी आहे, आणि हक्क असेल तर त्याची किंमत करायला पाहिजे.

आता कायद्याचं थोडं. मी वकील नाही, पण ही गोष्ट कुणालाही वाचता येते. १९९२ ला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली. घटनेला अकरावी अनुसूची जोडली. तिच्यात २९ विषय आहेत, जे राज्यांनी पंचायतींकडं सोपवावेत म्हणून लिहिलेत. १४ नंबरचा विषय आहे ग्रामीण विद्युतीकरण, विजेच्या वितरणासह. १५ नंबरचा आहे अपारंपरिक ऊर्जा साधनं. लागोपाठ दोन्ही. म्हणजे तीस वर्षांपूर्वी दिल्लीत बसून कुणीतरी विचार केला होता की गावात वीज पोहोचवणं आणि ऊन-वारा-शेण ह्यापासून ऊर्जा करणं हे पंचायतीचं काम असू शकतं. आपल्या किती सरपंचांना हे माहीत आहे? प्रशिक्षणाला जातात, जेवण होतं, फोटो निघतो, पेन आणि फाईल घेऊन येतात. वीज म्हणलं की पंचायतीचं काम काय, तर पथदिव्याचं बिल थकवणं आणि कनेक्शन तुटलं की आमदाराला फोन करणं.

केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. तिच्या 'अ' घटकात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचे छोटे प्रकल्प कोण उभारू शकतं त्याची यादी आहे. एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था, आणि पंचायत. होय, पंचायत हा शब्द त्यात आहे. नियमात दार उघडं ठेवलंय, पण त्या दारापर्यंत पंचायतीला न्यायला कुणी नाही. बँकेत सरपंच गेला तर मॅनेजर त्याला आधी खुर्ची देतो आणि मग तारण विचारतो.

लगेच प्रश्न येतो, "पंचायतीला नळाचं पाणी वेळेवर सोडता येत नाही, ती वीज प्रकल्प चालवणार?" हा प्रश्न चुकीचा नाही, त्यामुळं हसण्यावारी नेत नाही. तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात ओडनथुराई नावाची ग्रामपंचायत आहे. त्यांनी २००६ साली स्वतःच्या मालकीची ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली. किंमत दीड कोटीच्या वर, १ कोटी ५५ लाख. त्यातले ४० लाख पंचायतीचे साठवलेले, बाकी १ कोटी १५ लाख बँकेचं कर्ज. पवनचक्की गावात नाही, लांब वाऱ्याच्या पट्ट्यात आहे. वीज तिकडं ग्रीडला जाते आणि हिशोब पंचायतीच्या नावावर होतो. गावाची गरज भागून उरलेली वीज त्यांनी वीज मंडळाला विकली आणि कर्ज फेडलं. षण्मुगम नावाचे सरपंच होते, त्यांनी आधी पाण्याच्या मोटारीचं बिल किती येतं तिथून सुरुवात केली होती. पंचायतीचं सगळ्यात मोठं दुखणं तेच होतं. आपलंही तेच आहे.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर पाटण तालुका बघा. वर वनकुसवड्याच्या पठारावर पंचवीस-तीस वर्षं पवनचक्क्या फिरतायत. लांबून छान दिसतात, पण पंख्यांची मालकी तिथल्या गावांची नाही. त्याच तालुक्यात मान्याचीवाडी नावाचं लहान गाव २०२४ ला राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. शंभराच्या आसपास जोडण्या, घराघरावर प्लेटा, पंचायतीची कामंही सौरवर. तिथं कुणी बाहेरून येऊन गाव सौर करून दिलं असं नाही. ते गाव आधीपासून स्वच्छतेच्या, ग्रामविकासाच्या स्पर्धांत नाव काढत होतं, पंचायत जिवंत होती, त्यामुळं योजना आली तेव्हा ती घरात घ्यायला माणसं दारात उभी होती. एकाच तालुक्यात वर एक प्रकार आणि खाली दुसरा.

पण एकट्या चांगल्या उदाहरणांवर मी लिहीत नाही. गावाच्या मालकीचं म्हणलं की सगळं सोन्याचं होतं असं नाही. आपल्याच महाराष्ट्रात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती, श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात. ग्राहकच सभासद. दशकानुदशकं तिनं वीज वाटली, आणि २०११ ला तिचा परवाना गेला तेव्हा थकबाकीचा डोंगर होता. सभासद होते, पण बिल भरायची वेळ आली की सगळेच पुढारी. ज्याला कुणाला सामुदायिक विजेचं स्वप्न पडतं त्यानं आधी हे वाचावं.

दुसरं उदाहरण बिहारचं, धरनई गाव. २०१४ ला एका मोठ्या पर्यावरण संस्थेनं तिथं १०० किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड बसवला. देशभर गाजलं. नंतर गावात सरकारी लाईट आली, ती स्वस्त पडली, बॅटऱ्या दमल्या, दुरुस्तीला कुणी वाली राहिला नाही, आणि जिथं यंत्रणा होती तिथं जनावरं बांधायची वेळ आली. संस्था भली होती, प्लेटा चांगल्या होत्या. पण पाचव्या वर्षी बॅटरी बदलायला पैसे कोण देणार, हे पहिल्या दिवशी कुणाच्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

आणि धरनईला कशाला जाता? आपल्या गावातले सौर पथदिवे मोजा. आमच्या गावात वित्त आयोगाच्या पैशातून वेगवेगळ्या टायमाला अठरा खांब बसले. आज चार लागतात. सात ठिकाणी बॅटरी चोरीला गेली, बाकीच्यांना काय झालं ते कुणी बघितलं नाही. खरेदी करताना दर कुठून आणले, गॅरंटी किती वर्षाची, पुरवठादाराचा फोन नंबर कुठं आहे, ह्याची फाईल मागितली तर "शोधावी लागेल". ठेकेदार कोण ते नाव मी इथं घेत नाही, त्याला काही अर्थ नाही. एका गावात एक, दुसऱ्या गावात दुसरा, पद्धत एकच. खांबावर मंजूर निधीची पाटी मात्र ठळक आहे, ती चोरीला जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पंचायतीनं उड्या मारायच्या आधी चालायला शिकावं. ५०० किलोवॉटच्या प्रकल्पाचा हिशोब मी मांडून बघितलाय. खर्च दोन कोटीच्या आसपास. वर्षाला साडेसात लाख युनिट, ३ रुपये धरले तर साडेबावीस लाख. १ कोटी ४० लाख कर्ज १० टक्क्यानं बारा वर्षांसाठी काढलं तर हप्ताच वर्षाला वीस लाखावर जातो. वॉचमन, धुणं, विमा, दुरुस्ती धरली की हातात काही राहत नाही. बारा वर्षांनंतर मात्र सगळं आपलं. एकट्या पंचायतीला हे ओझं जड आहे. चार-पाच गावांनी मिळून, नाहीतर सोसायटीला किंवा उत्पादक कंपनीला बरोबर घेऊन, हे होऊ शकतं. पण आमच्यासारख्या गावात, जिथं घरपट्टीची निम्मी वसुली होत नाही, तिथं हे पहिलं पाऊल नाही.

पहिलं पाऊल पाणीपुरवठ्याची मोटार. साडेसात एचपीची मोटार म्हणजे साधारण साडेपाच किलोवॉट. रोज सहा तास चालली तर तेहतीस-चौतीस युनिट. १ किलोवॉट प्लेटा दिवसाला सरासरी ४ युनिट देतात, म्हणजे १० किलोवॉटमधी मोटारीचं भागून थोडं उरतं. जागा लागते ती पंचायत ऑफिसच्या आणि शाळेच्या स्लॅबची. वीज विकली तर ३ रुपये मिळतात, पण स्वतः वापरली तर बिलातलं युनिट वाचतं, आणि ते युनिट त्यापेक्षा महाग असतं. हा साधा फरक आहे, पण प्रकल्प-प्रकल्प म्हणून नाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. त्यातला किती पैसा आजवर विजेच्या बिलात गेला तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणावं. तो ऐकल्यावर सौर मोटारीसाठी कुणाला भाषण करावं लागणार नाही.

दुसरं, घरांची छतं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार, ३ किलोवॉटला जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान. हे सगळ्यांना माहीत झालंय, कारण विकणारे दारोदार फिरतायत. पण त्याच योजनेत एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक छतामागं स्थानिक संस्थेला, म्हणजे पंचायतीला, १ हजार रुपये प्रोत्साहन आहे. दोनशे घरं केली तर दोन लाख. तेवढ्या पैशात गावातल्या एका आयटीआय झालेल्या पोराला कामाला लावून अर्ज भरून देणं, कोटेशन तपासणं, बसवल्यावर बंद पडलं तर बघणं, एवढं होतं. हे पंचायतीचं काम आहे. कंपनीचा एजंट प्लेटा बसवून गेला की परत दिसत नाही.

आणि ज्याच्या घरावर पत्रा आहे, ज्याचं घरच दुसऱ्याच्या जागेत आहे, त्याचं काय? छताचं अनुदान छत असणाऱ्यालाच मिळतं. पंचायतीनं सार्वजनिक जागेवर प्लेटा टाकायच्या त्या अशा घरांसाठी, हा विचार करायला बाजारातली कुठलीच कंपनी बसलेली नाही. तो पंचायतीनंच करायचा.

कुणी विचारेल, साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, मग मालकीची भानगड कशाला? अहो, ती योजना पाच वर्षांची आहे, मार्च २०२९ पर्यंत. गायरान देताय ते पंचवीस वर्षांसाठी. पाच वर्षांच्या फुकट लाईटकडं बघून पंचवीस वर्षांची सही करणारा शेतकरी मी तरी व्यवहारात बघितला नाही. आपण बैल घेताना दात मोजतो.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी गावात २०१६ ला सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी केली. पिकाला पाणी दिल्यावर उरलेली वीज वीज कंपनीला विकायची. म्हणजे वीज हेसुद्धा एक पीक. कृषीवाल्या मंडळींसाठी त्यातली गंमत अशी की वीज विकून पैसे मिळाले तर माणूस उगाच मोटार चालू ठेवत नाही, पाणी जपतो. फुकट विजेत हे होत नाही, उलट होतं. आपल्या भागात बोअर सहाशे फुटावर गेलेत, तरी हा मुद्दा कुठल्याच सभेत निघत नाही.

आता गायरानावर परत येतो. पैशाचं झालं, पण गायरान म्हणजे नुसते पैसे नाहीत. आमच्या त्या पंचवीस एकरावर तीन धनगर कुटुंबांची मेंढरं आणि वस्तीवरच्या बायकांच्या शेळ्या चरतात. कडेनं चार एकरावर दोन भूमिहीन कुटुंबं कितीतरी वर्षांपासून ज्वारी-तूर करतात. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांचा इतिहास दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापर्यंत मागं जातो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा आहे, आणि अजून कितीतरी जणांचे कागद तहसीलच्या कपाटात आहेत. २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब ह्या निकालात गावाच्या सामाईक जमिनी गावाच्या सामाईक वापरासाठी राहिल्या पाहिजेत असं बजावलं. तेव्हापासून त्या निकालाचं नाव घेऊन गरिबाला नोटिसा आल्या. पोटासाठी दोन एकर कसलं तर अतिक्रमण, आणि तारेचं कुंपण घालून पंचवीस एकर बंद केलं तर विकास. दिवसाच्या लाईटचा फायदा ज्याला शेत आणि मोटार आहे त्याला. गायरान जातं ते ज्याला दोन्ही नाही त्याचं. हे ग्रामसभेत मोठ्यानं बोललं पाहिजे, आणि माझ्यासारख्या मोटारवाल्यानं बोललं पाहिजे.

पाण्याचंही बघा. ५ मेगावॉटला नऊ-दहा हजार प्लेटा लागतात. एका धुण्याला प्लेटेमागं दोन लिटर पाणी धरलं तरी वीस हजार लिटर, म्हणजे दोन मोठे टँकर. महिन्यात दोनदा धुतल्या तर चार टँकर. एप्रिल-मे मधी, जेव्हा आमच्याकडं प्यायच्या पाण्याचा टँकर चालू असतो, तेव्हा हे पाणी कुठून येणार? कंपनी बोअर घेणार असेल तर कुठं, किती खोल? गायरानातून पाणंद जाते, पलीकडच्या तीस-पस्तीस खातेदारांचा बैलगाडीचा रस्ता तोच. कुंपण घातल्यावर वळसा किती? जमीन सपाट करायला जेसीबी फिरला की वरच्या अंगाचं पाणी ओढ्याला न जाता कुणाच्या रानात घुसणार? हे प्रश्न पाऊस पडल्यावर विचारायचे नसतात, तोवर माती गेलेली असते.

प्लेटा उंच बसवल्या आणि ओळीत अंतर ठेवलं तर खाली गवत येतं आणि मेंढरं चरू शकतात. उलट कंपनीचा गवत काढायचा खर्च वाचतो. हे अशक्य नाही, फक्त करारात लिहावं लागतं. लिहिलं नाही तर पहिल्या वर्षी तणनाशक मारतात.

तर २ ऑक्टोबरला माझी मागणी अशी राहणार आहे. त्या दिवशी ठराव करू नका. त्याच्यासाठी वेगळी विशेष ग्रामसभा लावा, आणि तिच्या आधी महिला सभा घ्या, कारण शेळ्या बायकांच्या आहेत. प्रकल्पाचा नकाशा, गट नंबर आणि कराराचा मसुदा मराठीत पंचायतीच्या फळ्यावर पंधरा दिवस लावा. खाजगी जमिनीला जे भाडं तेच गायरानाला, दरवर्षीच्या वाढीसकट आणि पूर्ण पंचवीस वर्षं, आणि ते पंचायतीच्या वेगळ्या खात्यात, ज्याचं पासबुक प्रत्येक ग्रामसभेत वाचलं जाईल, अशी शिफारस ठरावात लिहा. मंजूर करणं सरकारच्या हातात आहे, पण मागणं तर आपल्या हातात आहे. न मागता कुणी देत नाही. कसणाऱ्या दोन कुटुंबांचे चार एकर आणि पाणंद मोजणी करून वगळा. उरलेल्यात चराईचा हक्क लिहून घ्या. आणि त्याच ठरावात पाणीपुरवठ्याची मोटार सौरवर घ्यायचा विषय पुढच्या विकास आराखड्यात धरा, म्हणजे कंपनीच्या प्लेटा बघत बसायच्या आधी गावाच्या स्वतःच्या दहा किलोवॉट तरी होतील.

ह्यावर आमचे एक मित्र म्हणाले, एवढ्या अटी घातल्या तर कंपनी शेजारच्या गावात जाईल. जाऊ द्या की. पण शेजारच्या गावानंही हेच मागितलं तर? उपकेंद्र एक आहे, खाजगी जमीन असेल तर त्याच्यापासून पाच किलोमीटरच्या आत पाहिजे, सरकारी असेल तर दहा. कंपनीला काय सगळा जिल्हा मोकळा नाही. ह्या उपकेंद्राखाली सात गावं आहेत. साती गावच्या सरपंचांना मी ह्या लेखाची प्रिंट पाठवतोय. तिघांनी फोन उचलला, दोघं म्हणाले बसून बोलू, एक म्हणाले निवडणुकीनंतर.

आमच्या गावचा अर्ज तयार आहे, त्याच्यावर आजपर्यंत एक्केचाळीस सह्या झाल्यात, त्यातल्या सतरा बायकांच्या. सोमवारी पंचायतीत देऊन पोच घेणार. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक तहसीलदारांना. ज्यांना अर्जाचा नमुना पाहिजे त्यांनी गावाचं आणि उपकेंद्राचं नाव लिहून मेसेज करा, म्हणजे त्याच उपकेंद्राखालच्या लोकांची गाठ घालून देता येईल. सोयाबीनच्या काढणीचं बुधवारी लिहितो.